आमची मेंढरे

डोंगरउतारावर जमीन घेणारा मनुष्य बहुधा चार गोष्टींचा विचार करतो: पाणी कोठे लागेल, घर कोठे बसेल, झाडे कोणती लावावीत आणि रस्ता कोणाच्या बांधावरून जाईल. गवताचा विचार कोणीच करीत नाही. गवत लावावे लागत नाही, विकत आणावे लागत नाही, त्याची कोणी चोरीही करीत नाही. तेव्हा त्याचा विचार तो काय करावयाचा? परंतु दोन पावसाळे उलटले की मालक गवताचा विचार करू लागतो, आणि तिसऱ्या वर्षी तर त्यास गवतावाचून दुसरे काही सुचेनासे होते. निदान आमची गोष्ट तरी अशी झाली.

दौंड तालुक्याच्या दक्षिण अंगास, यवतच्या पाठीशी, डोंगरांची एक रांग आहे. भुलेश्वराचे पुरातन देवालय याच रांगेवर आहे. तिच्या उत्तर उतारावर आमची चार एकर जमीन आहे. पायथ्याचा एक एकर तेवढा बाजरीजोगा. वरचे तीन एकर म्हणजे मुरूम, खडक आणि त्यांतून डोके वर काढणारे तरवड व बोरी. पुण्यातील शिक्षकाची नोकरी संपल्यावर आम्ही येथे दोन खोल्यांचे घर बांधले, शंभर-सव्वाशे सीताफळे लावली आणि महिन्यातील पंधरा दिवस येथे राहू लागलो. पाऊस या बाजूस बेताचाच; वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या मागेपुढे. एवढ्या पावसात झाडे रडतखडत वाढतात, पण गवत मात्र आनंदाने वाढते. किंबहुना हा मुलूख मुळात गवताचाच आहे. इंग्रजी अमदानीत आजच्या दौंड व बारामतीकडील बराच भाग भीमथडी नावाच्या तालुक्यात मोडत असे, आणि भीमथडीची तट्टे तर सर्वश्रुतच आहेत. मराठ्यांच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत गेल्या त्या ज्या घोड्यांच्या बळावर, त्यांतील कित्येकांच्या पोटात असल्याच माळावरचे गवत गेले असले पाहिजे.

आषाढात उतारावर हिरवी लव दिसू लागली म्हणजे पुण्याहून येणारे आमचे स्नेही ‘काय हो हे नंदनवन!’ असे उद्गार काढतात. तेच स्नेही कार्तिकात आले म्हणजे घरी गेल्यावर दोन दिवस पायमोज्यांतील कुसळे वेचीत बसतात. आमच्या उतारावर पवन्या, मारवेल अशी जनावरांना आवडणारी गवते आहेत. परंतु राज्य चालते ते कुसळीचे. कुसळीच्या दाण्यास भाल्यासारखे अणकुचीदार टोक असते आणि मागे एक पीळदार शेपटी असते. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की तो पुन्हा बसतो, आणि अशा रीतीने तो दाणा मळसूत्राप्रमाणे फिरत फिरत मातीत शिरतो. माती न मिळाल्यास तो कापडात शिरतो, आणि कापडही न मिळाल्यास कातड्यात. सृष्टीची ही करामत पुस्तकात वाचावयास मोठी मनोरंजक आहे.

कुसळांचे दुःख मात्र पायापुरते असते. खरी धास्ती असते ती आगीची. पौषापासून कमरेइतके गवत वाळून उभे राहते. होळीच्या सुमारास वाऱ्याबरोबर त्याचा जो आवाज येतो, तो ऐकून आम्हांस झोप लागत नसे. पलीकडच्या उतारावर एका गृहस्थांची पाच वर्षांची आमराई एका दुपारी तीन तासांत होरपळून गेली. कारण काय, तर कोणा वाटसरूच्या विडीचे थोटूक. गवत कापवून घ्यावे, तर गवताच्या किमतीपेक्षा मजुरी अधिक. तणनाशक मारावे, तर खाली विहीर. जाळरेषा काढाव्यात, तर त्या काढताना आग हाताबाहेर जाण्याचे भय. तेव्हा गवत खाणाराच कोणीतरी पाहिजे, या निर्णयास आम्ही आलो.

या अडचणीची वार्ता आमच्या भाच्यास लागली. तो अमेरिकेत ओरेगॉन प्रांतात असतो, आणि योगायोगाने त्याच्याही घरामागे डोंगराचा उतार आहे. त्याने तत्परतेने लिहिले: “मामा, मेंढ्या पाळा आणि राखणीला एक लामा ठेवा.” लामा हा शब्द ऐकताच आमच्या घरातून तिबेटातील धर्मगुरू डोळ्यांपुढे आले, व अशा थोर पुरुषास मेंढ्यांमागे धाडणे बरे नव्हे, असे मत पडले. पुढे भाच्याने छायाचित्र पाठविले तेव्हा उलगडा झाला. हा लामा म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, उंटाचा बिनकुबडाचा चुलतभाऊ. मान उंच, डोळे मोठे, मुद्रा अशी की समोरच्याने नुकताच काहीतरी अडाणीपणाचा प्रश्न विचारला असावा. पेरू व बोलिव्हिया या देशांत हजारो वर्षांपासून तो माणसाळलेला आहे. घोडे व गाढवे स्पेनच्या लोकांबरोबर तेथे जाईपर्यंत इंका राजांचे सारे ओझे याच्याच पाठीवरून जात असे. ओझे प्रमाणाबाहेर झाले तर तो तक्रार करीत नाही. खाली बसतो आणि उठत नाही. फारच त्रास दिला तर तोंडावर थुंकतो.

अमेरिकेतील मेंढपाळांनी याचा एक निराळाच उपयोग शोधला आहे. कळपात एकच खच्ची केलेला लामा सोडतात. एकच सोडावयाचा, कारण दोन असले तर ते एकमेकांतच रमतात. एकटा पडलेला लामा मेंढ्यांनाच आपले गणगोत समजू लागतो. एखादे कुत्रे किंवा कोल्ह्याच्या जातीचे कोयोट नावाचे श्वापद आले तर मेंढ्या पळतात. लामा मात्र कुतूहलाने किंवा रागाने त्याच्याच अंगावर जातो. आयोवा प्रांताच्या विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या सुमारास अनेक मेंढपाळांकडे याची चौकशी केली, आणि बहुतेकांचे नुकसान त्यामुळे बरेच कमी झाल्याचे त्यांस आढळले. तथापि लांडग्यांच्या टोळीपुढे किंवा मोठ्या मार्जारापुढे लामाचे काही चालत नाही. तो स्वतःच त्यांचे भक्ष्य होतो.

आम्ही भाच्यास कळविले, की सूचना उत्तम आहे. परंतु दौंडच्या वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो, आणि अँडीजच्या थंड हवेतील हा लोकराळ प्राणी आमच्या अंगणात उष्माघाताने मरावा अशी आमची इच्छा नाही. शिवाय पुणे जिल्ह्याच्या माळावर लांडगे आहेत, आणि शिरूर-जुन्नरकडे उसात बिबटे. परंतु त्याच्या पत्राने एक झाले. लामा गेला तरी मेंढरू आमच्या डोक्यात राहिले.

शेळी की मेंढी, हा प्रश्न फार वेळ चालला नाही. शेळी मान वर करून खाते. गवत तोंडाशी असताही तिचे लक्ष सीताफळाच्या शेंड्याकडे असते. मेंढी मान खाली घालून जमिनीलगत चरते. तेव्हा मेंढीच घ्यावी हे ठरले. मग आम्ही हिशेब मांडला. सहा-आठ मेंढ्या घेतल्या तर तीन एकरांचे गवत संपणार नाही. आणि तीन एकरांचे गवत पावसाळ्यात संपवील एवढा कळप घेतला, तर उन्हाळ्यात त्याने खावे काय? शिवाय त्याच त्या जागी वर्षभर मेंढ्या चरल्या म्हणजे गोड गवत मुळापासून जाते, नावडते गवत तेवढे माजते, आणि मेंढ्यांच्या पोटांत जंत होतात. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, देवीची लस, लाळ्या-खुरकुताची लस, हे निराळेच. एका पशुवैद्यांचा सल्ला विचारला तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मेंढीला चार एकर म्हणजे कोंडवाडा. तिला तालुका लागतो.”

तालुका असलेला मनुष्य पुढे भाद्रपदात आपणहून आमच्या दारी आला. तो शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा, पाबळ-कान्हूर मेसाईच्या बाजूचा धनगर. वय साठीच्या पुढे, डोक्यास लाल पागोटे, खांद्यावर घोंगडे. त्याच्या बाजूचे पुष्कळ धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. हा मात्र घोड आणि भीमा यांच्या आसपासच्या मुलखातच वर्षभर फिरतो. न्हावऱ्यावरून पारगावच्या पुलाने भीमा ओलांडावयाची, चौफुल्यावरून यवतच्या बाजूस यावयाचे, डोंगराच्या कडेकडेने चरत जावयाचे आणि उन्हाळ्यात परत फिरावयाचे, असा त्याचा परिपाठ. आमच्या जमिनीच्या वरच्या अंगाने जी एक पुसट पायवाट जाते, ती त्याच्या बापाच्या वेळेपासूनची मेंढरांची वाट असल्याचे त्यानेच आम्हांस सांगितले. आमच्या खरेदीखतात तिचा उल्लेख नाही.

“मास्तर, गवत राखताय का जाळताय?” त्याचा पहिला प्रश्न.

“खाऊ घालावयाचे आहे,” आम्ही म्हटले.

“मग आत्ताच घाला. दसऱ्यानंतर ह्येच्यात मेंढरू घातलं तर कुसळ कातड्यात शिरतंय आन् जनावर झुरून मरतंय. आता कवळं हाय.”

ही गोष्ट पुस्तकात शोधून आम्हांस सापडली नव्हती. कुसळी गवत वाईट नव्हे. त्याची वेळ तेवढी ओळखावी लागते. फुलावर येण्यापूर्वी ते चांगला चारा असते. बी धरले की ते शस्त्र होते, आणि बी गळून गेले म्हणजे पुन्हा साधे काड होते. त्या वर्षी त्याच्या मेंढरांनी भाद्रपदात पाच दिवस आमचा उतार चारला. मग ती पुढे गेली, आणि मार्गशीर्षात कुसळे गळून पडल्यावर परत आली. राहिलेले वाळके गवत त्यांनी खाल्ले व तुडविले, आणि बाजरी निघालेल्या एका एकरात सहा रात्री बसली. त्या होळीस आम्हांस शांत झोप लागली.

मेंढ्या शेतात बसविणे हा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. संध्याकाळी धनगर शेताच्या एका कोपऱ्यात वाघूर म्हणजे जाळे खुंट्यांना बांधून वाडगे करतो, आणि रात्रभर मेंढ्या त्यात बसतात. दुसऱ्या रात्री जाळे पुढे सरकते. अशा रीतीने लेंडी व मूत सगळ्या शेतास सारखे मिळते, आणि ते वाहून नेण्याची मजुरी पडत नाही. याबद्दल शेतकरी धनगरास पूर्वी धान्य देत असे. आता बहुधा रोख रक्कम देतो. आम्ही दोन्ही देतो, कारण आमची बाजरी बाजारात नेण्याइतकी होतच नाही. भाच्यास हे कळविले तेव्हा त्याने उत्तरी लिहिले, की त्याचा लामा नेहमी एकाच जागी लेंड्या टाकतो व तेथे त्यांचा ढीग होतो. लामाची ही टापटीप वाखाणण्याजोगी आहे. पण बाजरीच्या दृष्टीने आम्हांस मेंढीची अव्यवस्था अधिक पसंत आहे.

दुसरी एक मौज आमच्या ध्यानात आली. अँडीजमध्ये ओझे वाहण्याचे काम लामाच करतो, आणि ओरेगॉनमध्ये राखण करण्याचेही. आमच्या धनगराने ही दोन कामे दोन प्राण्यांत वाटली आहेत. बिऱ्हाड घोड्यांवर: भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे, सगळे एकाच पाठीवर. राखण कुत्र्यांकडे. आणि या दोहोंच्यावर त्याच्या घरची बाई. तळ कोठे पडावयाचा, कोणती मेंढी आज विणार, कोणते कोकरू दुसरीच्या अंगावर पाजावयाचे, हे तीच ठरविते. आमच्या घरातून व तिच्यात पहिल्याच दिवशी जी मैत्री जमली ती पाहून राज्य कोणाचे आहे, हे आम्ही दोघे पुरुष समजून चुकलो.

पुढल्या वर्षी आम्ही दहा मेंढ्या विकत घेतल्या आणि अर्धलीने त्याच्या कळपात सोडल्या. म्हणजे मेंढ्या आमच्या, सांभाळ त्याचा, आणि होणारी कोकरे निम्मी निम्मी. तेव्हापासून ‘आमची मेंढरे’ हा शब्दप्रयोग आम्ही करू लागलो. ती वर्षातून अकरा-बारा दिवस आमच्याकडे असतात. उरलेले दिवस ती कोठे असतील याचा आम्ही नकाशा पाहून अंदाज करीत बसतो. आमच्या दहा मेंढ्यांच्या कानास खूण आहे, ती धनगरास दुरून दिसते, आम्हांस जवळूनही दिसत नाही.

मेंढ्या दख्खनी जातीच्या, काळ्या. वर्षातून दोनदा लोकर कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ते सर्वांत मऊ, आणि त्याची घोंगडी मोठ्या मानाची. सणगर मंडळी मागावर ती विणतात व सुतास चिंचोक्याची खळ देतात. आमच्याकडे अशी एक घोंगडी आहे. पावसात ती अंगावर घेतली तर पाणी बराच वेळ वरच राहते, आणि वास मात्र आत येतो. परंतु आता लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही म्हणून ती रानात टाकून द्यावी लागते, असे आमचा धनगर सांगतो. आज मेंढी जगते ती मांसाच्या भावावर. लोणंदच्या किंवा चाकणच्या बाजारात नर कोकरे जातात आणि त्यांवर त्याच्या घरातील लग्ने, औषधे व शाळेची फी निघते. आमच्या वाट्याच्या नर कोकरांचे काय करावयाचे, हा प्रश्न आमच्या शाकाहारी घरात पहिल्याच वर्षी उभा राहिला. आमच्या घरातून एवढेच म्हणाल्या, “दूध पिणाऱ्याने गोऱ्ह्याचे काय होते ते विचारू नये, आणि विचारले तर उत्तर ऐकावे.” आम्ही ते उत्तर ऐकले. नर कोकरे त्याची, मादी कोकरे आमची, असा करार पुढे आम्ही बदलून घेतला नाही. तसे केल्याने पाप त्याच्या माथी जाते व लोकर आमच्या पदरी राहते, एवढेच.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या दख्खनी मेंढीवर फार मोलाचे काम केले आहे. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची एक लहानखुरी मेंढी असते. तिच्यात जुळी होण्याचा आनुवंशिक गुण आहे. ऑस्ट्रेलियातील बूरूला नावाच्या मेरिनो मेंढीत तोच गुण असून, अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून गेलेल्या मेंढ्यांमार्फत तो तेथे पोहोचला असावा, असे संशोधकांचे मत आहे. गारोलचा तो गुण फलटणच्या संस्थेने दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ नावाची नवी मेंढी तयार केली. आम्ही मोठ्या उत्साहाने ही हकीकत आमच्या धनगरास ऐकविली. त्याने लक्षपूर्वक ऐकली. मग विचारले, “दोन व्हत्यात ते ब्येस. पन चालताना दुसरं कोन उचलनार?” प्रश्न रास्त होता. गोठ्यात राहणाऱ्या मेंढीस जुळे म्हणजे दुप्पट उत्पन्न. रोज चार-पाच कोस चालणाऱ्या मेंढीस जुळे म्हणजे घोड्यावर आणखी एक जागा. तरीही त्याने नातवास फलटणला पाठवून चौकशी करविली. म्हातारा हट्टी आहे, पण हेका धरणारा नाही.

या लोकांविषयी जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी केलेले काम आम्ही याच निमित्ताने वाचले. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत आणि १९८९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. वन आणि क्षेत्र, म्हणजे भटक्या पशुपालकांचे रान आणि स्थायिक शेतकऱ्यांची नांगरट, यांचे नाते हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. जेजुरी आमच्या डोंगराच्या पलीकडे, पुरंदर तालुक्यात. तेथील खंडोबाच्या दोन बायका सर्वांस ठाऊक आहेत. म्हाळसा वाण्याची लेक, घरंदाज. बाणाई धनगराची लेक, रानातली. बाणाईसाठी देव धनगराच्या घरी चाकरीस राहिला, मेंढ्या धुवावयास सांगितल्या तेव्हा त्या त्याने खडकावर आपटून मारल्या आणि पुन्हा जिवंत केल्या, अशी कथा आहे. म्हाळसा गडावर देवाजवळ असते आणि बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे. दोघींचे पटत नाही, हे लोकगीतांत शतकानुशतके गायिले जाते. परंतु लोकांनी देवाला एकीची निवड करावयास लावले नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तीच गोष्ट तुकोबांच्या पालखीची. ती यवतला व वरवंडला मुक्काम करून पुढे बारामतीकडे जाते, आणि काटेवाडीस धनगर आपली मेंढरे पालखीभोवती धावडवून रिंगण घालतात. नांगरटीच्या संताभोवती रानाचा कळप फिरतो, आणि त्यात कोणास काही विसंगत वाटत नाही.

असो. हे सारे सांगण्याचे कारण असे, की गेल्या दोन वर्षांत आमच्या उतारावर कुंपणाचा प्रश्न उभा राहिला आहे. आमच्या आजूबाजूस जमिनी घेतलेले सहा-सात गृहस्थ आहेत. पलीकडे पुरंदर तालुक्यात विमानतळ होणार, या वार्तेने जमिनींकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. या मंडळींनी मिळून साऱ्या उतारास काटेरी तारेचे कुंपण घालण्याचे ठरविले. त्यांची बाजू चुकीची आहे असे आम्हांस म्हणवत नाही. एकाची तीनशे रोपे कोण्या कळपाने एका सकाळी खाल्ली. दुसऱ्याच्या विहिरीतील पाणी न विचारता उपसले गेले. तिसऱ्यास बिबट्याची भीती वाटते. मेंढरू आले की त्यामागून तो येईल, असे त्यास वाटते. शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने लहान मुलांचे व एका वृद्धेचे प्राण घेतले, तेव्हा या भीतीस हसण्याचा अधिकार कोणास नाही. सर्वांचे कुंपण झाले की वरची ती जुनी वाट आमच्याच जमिनीत येऊन संपते. आम्हीही तार ओढली तर ती बंदच होते.

वाट बंद झाली तर काय होईल, हे सांगावयास नको होते, ते झालेच. गेल्या हिवाळ्यात एके ठिकाणी कुंपण पडल्यामुळे कळपास डोंगर सोडून पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेने दीड कोस जावे लागले. पहाटे धुक्यात एका मालमोटारीखाली सात मेंढ्या गेल्या. त्यांतील दोन आमच्या होत्या. धनगराने दोघींचे कान कापून आणून आमच्या ओसरीवर ठेवले, कारण खूण दाखविल्याशिवाय मालकास खरे वाटत नाही, अशी त्यांची जुनी रीत. त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही. लांडग्याने कोकरू नेले तर तो इतका गप्प बसत नाही. लांडग्याचा वाटा असतो, असे तो मानतो. मालमोटारीचा वाटा त्याच्या हिशेबात कोठे बसत नाही.

आमचे चिरंजीव पुण्यास असतात. व्यवहारी आहेत, आणि आमच्यावर त्यांचे प्रेम आहे, म्हणून त्यांनी एका वकिलाचा सल्ला घेतला. वकिलांचे म्हणणे असे, की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट वीस वर्षे हक्काने व निर्वेधपणे वापरली गेली, तर तिच्यावर कायमचा अधिकार उत्पन्न होऊ शकतो. परवानगीने वापरलेल्या वाटेस हा धोका नसतो. तेव्हा कुंपण नको असेल तर नको. पण ‘मी मालकांच्या परवानगीने, त्यांच्या मर्जीपर्यंत या वाटेने जातो’ असा एक कागद धनगराकडून लिहून घ्यावा. म्हणजे आमची दयाही राहील आणि जमिनीची किंमतही.

कागद तयार होऊन आला. चार ओळींचाच होता, आणि त्यातील एकही ओळ खोटी आहे असे कायद्याच्या दृष्टीने म्हणता आले नसते. तो घेऊन आम्ही आठवडाभर बसलो. अंगठा मागितला असता तर धनगराने तो दिला असता. त्याने आमच्याजवळ कधी हुज्जत घातलेली नाही. परंतु त्या वाटेवरून त्याचा बाप चालत होता, तेव्हा आमचा बाप पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होता आणि यवत हे गाव त्यास आगगाडीच्या खिडकीतून तेवढे ठाऊक होते. ज्या वाटेने तो आमच्या आधीपासून येतो, ती वाट आमच्या मर्जीची आहे असे त्याच्याच अंगठ्याने लिहवून घ्यावयाचे, हे आमच्याने होईना. कागद आम्ही घेतला नाही. कुंपण घातले, पण वरच्या अंगास बारा हातांचे फाटक ठेवले, आणि त्यास कुलूप लावले नाही. वीस वर्षांनी हक्क उत्पन्न व्हावयाचा असेल तर होवो. तोपर्यंत आम्ही अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊ.

चिरंजीवांस हे पटलेले नाही, आणि ते आमच्यावर रागावलेही नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की म्हाताऱ्यानंतर या वाटेने येणार कोण? हा प्रश्न मात्र आमच्या फाटकापेक्षा मोठा आहे. धनगराचा एक मुलगा कळपाबरोबर असतो. नातू रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला आहे. त्यास वेळेवर पगार मिळतो आणि पावसात भिजावे लागत नाही. त्याने परत यावे असे म्हणणारे आम्ही कोण? संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा ती बातमी आम्ही म्हाताऱ्यास वाचून दाखविली. त्यास आनंद झालासा दिसला. पारगावच्या पुलाखाली मेंढरांना पाणी पाजावयास पायऱ्या होतील का, असे त्याने विचारले.

आपल्या देशात असल्या माळास सरकारी नकाशात बहुधा पडीक म्हणून दाखवितात. पडीक म्हणजे जिचा कोणी उपयोग करीत नाही ती जमीन. आमच्या तीन एकरांचा उपयोग किती जण करतात हे आता आम्हांस थोडेबहुत ठाऊक झाले आहे. सातबाऱ्यावर त्या सर्वांची नावे लावता येत नाहीत, हे कबूल. पण म्हणून त्यांचे काही नाही, असेही नव्हे. जमीन आमची आहे. गवत पावसाचे आहे, आणि ज्या दिवसांत ते कोवळे असते त्या दिवसांपुरते ते जो वेळेवर येईल त्याचे आहे. यंदा भाद्रपदात कळप आला तेव्हा आमच्या दहांच्या आता चौदा झाल्याचे म्हाताऱ्याने सांगितले. आम्ही मोजून पाहिल्या. आमच्या मोजणीत त्या कधी बारा, कधी सोळा भरत होत्या. शेवटी त्याचा आकडा आम्ही वहीत लिहून घेतला.